देवाच्या डब्यातले पैसे

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाकडं आहे. कोणी वाचलंच तर समजून घ्यावं. चौथीनंतर पेन धरला तो सही करण्यापुरताच. पण कौसल्याबाईला जाऊन सव्वा महिना झाला, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

खबर आली तेव्हा आम्ही आंजीच्या शिवारात कापूस वेचत होतो. तिच्या सुनेचा फोन आमच्यातल्या ललिताला आला. कमरेच्या ओटीत कापूस तसाच घेऊन आम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलो... कोणी कोणाकडे पाहिना.

कौसल्याबाई आमच्या वेचणाऱ्या बायांची मोठी. दरवर्षी पहिल्या वेचणीला पऱ्हाटीपुढे, म्हणजे कापसाच्या झाडापुढे, दहीभात ठेवून सीतादहीची पूजा करायची आणि प्रत्येकीकडून कबूल करून घ्यायची, की रोज एका किलोची मजुरी देवाच्या डब्यात. हंगाम संपला की त्यातून मारुतीच्या देवळात भंडारा. डबा तिच्याच घरी असायचा.

गेल्या हंगामाच्या शेवटी माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, पोटाचं ऑपरेशन निघालं. औषधं बाहेरून आणायची होती. कोणाकडे मागायला माझं तोंड उघडत नाही, लहानपणापासूनच. मी फक्त देवाला म्हणत राहिले. संध्याकाळी कौसल्याबाई आली आणि अख्खा डबा माझ्या पदरात रिकामा केला.

"बाई, हे त देवाचे..."

"मंग? तू मांगतले कोणाले?"

"देवाले."

"त त्यानंच धाडले. मी फक्त आणून देऊन राह्यली. जमन तसे डब्यात टाकजो. अन् कोणाले सांगू नको, तुलेच लाज वाटन."

मालक बरे झाले. भंडारा मात्र झाला नाही. ललितानं विचारलं, "पैसे कुठी गेले वं?"

"देवाले लागले, देवानं नेले," कौसल्याबाई हसली.

"देव कधीपासून तुह्या घरी उधार मांगाले येते?"

सगळ्या हसल्या. मी खाली मान घालून उभी होते. पुढे तिच्या पाठीमागे, देवाचे पैसे खाल्ले, असंही बोलणं झालं. यंदा बाकी कोणीच डब्यात काही टाकलं नाही. एकदा वेचता वेचता मी तिच्यापाशी रडले, तर म्हणाली, "ज्याले माहीत पाह्यजे त्याले माहीत हाय. तू बोंडं पाह्य, मांगं राहून राह्यले." दर आठवड्याच्या मजुरीतून मी गुपचूप डब्यात टाकत गेले. थोडे बाकी असतानाच ती गेली.

तेरवीला सुनेनं डबा सगळ्यांपुढे ठेवला. उघडला तर नोटा! "हे कुठून आले?" ललिता म्हणाली. मी मनात म्हटलं, देवा, आज पैसे नको, आवाज दे... आणि बोलले. सगळं. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जणींपुढे.

 मग ललितानं पदरानं डोळे पुसले. "एवढे दिवस काऊन नाई सांगतलं वं? आम्ही काय खाल्लं असतं तुले?" थोड्या वेळानं खालच्या आवाजात म्हणाली, "अन् मी तिले काय काय बोलली, बाई..."

त्या रात्री मी खूप दिवसांनी गाढ झोपले.

काल मजुरी मिळाल्यावर उरलेले सातशे रुपये घेऊन कौसल्याबाईच्या घरी गेले आणि डब्यात टाकले. सगळ्या आल्या होत्या. ललितानं डब्यातले सगळे पैसे दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजायला घेतले आणि मधेच थांबली.

"पूर्ण हायेत," ती म्हणाली.