टचिंगमास्तरांनी पुसलेली मुलगी

फोटो स्टुडिओतल्या टचिंगमास्तरांच्या हातात जादू आहे, असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मास्तर ते न ऐकल्यासारखं करून दोनदा ऐकायचे. निगेटिव्हखाली दिवा लावून ते टोकदार पेन्सिलीने नवरीच्या गालावरचे व्रण भरत, नवऱ्या मुलाचा तिरळा डोळा सरळ करत. आपल्यामुळे कितीतरी लग्नं जमली आणि माणूस समोर आल्यावर तेवढीच मोडली, असं ते चहा पिताना खुशाल सांगत.

पस्तीस वर्षांपूर्वी लाकडाच्या वखारीचे मालक स्टुडिओत आले होते. त्यांच्या कुटुंबाचा फोटो इथेच काढलेला. नंतर थोरल्या मुलीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं.

"आम्हाला ती मेली," वखारवाले म्हणाले. "फोटोतून काढून टाका."

मास्तरांनी ब्लेडने तिला निगेटिव्हवरून खरवडलं आणि तिच्या जागी ब्रशने कुंडीतलं एक झाड रंगवलं. काम इतकं बेमालूम उतरलं की मास्तर आठवडाभर स्वतःवरच खूश होते. मुलीचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. माणूस स्वतःच्या कसबावर भाळला की त्याला पुढ्यातलं दिसत नाही, तशातली गत.

आता मास्तर सत्तरीला आले होते. दिव्याचं मेज अडगळीत गेलं होतं आणि ते कुरकुरत का होईना, कॉम्प्युटर शिकले होते. एका सकाळी केस पिकलेली एक बाई आपल्या वकील भाचीला घेऊन आली आणि तिने एक फ्रेम काउंटरवर ठेवली. मास्तरांनी आधी झाड ओळखलं, माणसं मागाहून.

"इथे मी उभी होते," बाई म्हणाली. "मला परत तिथे उभं करता येईल का?"

भाचीने सगळं सांगितलं. आजोबा वारले होते. तिचे वडील आत्याला म्हणाले, झालं गेलं विसर, काय हवं ते माग, भरपाई करतो.

"मी आत्याला म्हटलं, आमच्या कायद्यात रेस्टिट्यूशन म्हणतात ते वेगळं," ती म्हणाली. "भरपाईत गेलेल्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी देतात. हा शब्द जुना, लॅटिनमधला. मुळात त्याचा अर्थ पुन्हा उभं करणं. जे जिथे होतं, ते तिथेच."

"भावाला सांगितलं, मला तेच दे," बाई म्हणाली. मग फ्रेमकडे बघून सहज म्हणाली, "झाड मात्र छान काढलंय हो कुणीतरी."

मास्तर गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. वखारवाले गेले होते, स्टुडिओचा जुना मालकही गेला होता. पण त्या कौतुकाने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते मी काढलंय," ते म्हणाले. "तुम्हाला मीच पुसलं. आणि खरवडलेलं परत येत नाही, बाई. तुमचा तेव्हाचा चेहरा माझ्याकडे नाही."

भाची काहीतरी बोलणार होती. आत्याने तिला हाताने थांबवलं.

"म्हणजे माझं काहीच उरलं नाही?"

मास्तरांनी भिंग काढलं आणि फोटोतल्या आईच्या खांद्यावर धरलं.

"तुमचा हात इथे होता. बोटं खरवडली असती तर आईंचा खांदा गेला असता. म्हणून मी त्या बोटांच्याच पदराच्या चुण्या केल्या. या चार. ही तुमची बोटं आहेत."

बाई भिंगातून बघत राहिली. भाचीचा आवाज एकदम उतरला.

"आजी रोज काचेवर तिथेच बोट फिरवायची. शेवटपर्यंत. आम्हाला वाटायचं, धूळ पुसते."

मास्तरांना मान वर करवेना. बाईने पदराने डोळे टिपले, मग पडद्यासमोर जाऊन ताठ उभी राहिली आणि मास्तरांनी तिचा फोटो काढला. दुपारपर्यंत कॉम्प्युटरवर झाड गेलं, त्याच्या जागी ती आली. शेजारी खुर्चीत बसलेले वडील तिच्याहून दहा वर्षांनी लहान दिसत होते.

"आता बाबांना माझं ऐकावं लागेल," ती म्हणाली.

मास्तर पहिल्यांदाच हसले. मग त्यांनी आईच्या खांद्यावर माउस नेला.

"चेहरा आत्ताचा आहे, तर हातही आत्ताचा लावतो. जुळेल."

"नको," ती म्हणाली. "चुण्या काढा, बोटं तीच राहू द्या. आईच्या ओळखीची आहेत."