एक वचन, एक कार्ड

धर्मशास्त्र विद्यालयात तिला सगळे कार्डबाई म्हणायचे, पाळकांपासून माळ्यापर्यंत. एकोणीस वर्षं ती जिन्याखालच्या खोलीत बसून बायबलातल्या चार शुभवर्तमानांची कार्डं करत होती. एका वचनाला, म्हणजे आकडा घातलेल्या प्रत्येक तुकड्याला, एक कार्ड. करणारा कोण ते निळ्या शाईत, त्याने केलं काय ते लाल शाईत, आणि कोणाला केलं ते हिरव्या शाईत. सगळं मूळ ग्रीकवरून. नोकरीला लागली तेव्हा तिला ग्रीकचं एक अक्षर येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डब्याला टेकून व्याकरणाचं पुस्तक उभं करायचं आणि जेवता जेवता पाठ करायचं, असं करत ती शिकली. कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कोणाचे उपकारही नव्हते.

त्या कार्डांवरून डॉक्टरांचं पुस्तक झालं. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, ग्रंथांचे. विद्यालयाचे प्रमुख, बोलण्यात साखर, गळ्यात रोज वेगळा टाय. ‘शुभवर्तमानांतील कर्ते’ हे, कोणी काय केलं याच्या सूचीचं, त्यांचं जाडजूड पुस्तक ती निवृत्त झाली त्याच्या पुढच्या वर्षी निघालं. आभाराच्या यादीत तिचं नाव सातवं होतं, ‘टंकलेखनाबद्दल’. सहावं नाव पंखे दुरुस्त करणाऱ्याचं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर तिने ते गिळलं असतं. आठ वर्षं गिळलंच होतं. पण ओळखीचा छापखानेवाला तिच्याकडे अधूनमधून मुद्रितं तपासायला पाठवायचा, आणि एका सोमवारी सकाळी त्याच्या माणसाने आणून दिलेल्या गठ्ठ्यात त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. काही वाक्यं सुटल्याचं एका प्राध्यापकांनी मासिकात पत्र लिहून दाखवलं होतं; त्याला उत्तर म्हणून प्रस्तावनेच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, “पहिल्या आवृत्तीत काही वाक्ये सुटली होती. कार्डे करणाऱ्यांकडून झालेली ती नजरचूक या आवृत्तीत शक्य तेवढी दुरुस्त केली आहे.”

तिने ते तीनदा वाचलं. मग पेन्सिल टेबलावर ठेवली, टोक भिंतीकडे करून.

समोर तिची नणंद भाजी निवडत बसली होती. लग्न न केलेली, पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली, आणि भाऊ गेल्यापासून वहिनीजवळ राहणारी. तिने चष्म्यावरून पाहिलं.

“काय गं वहिनी, कोण मेलं?”

“अजून कोणी नाही, वन्सं,” ती म्हणाली.

नजरचूक! तिच्या डोक्यात तिडीक गेली. कारण ती गोष्ट तिला कालची असल्यासारखी आठवत होती. नोकरीचं तिसरं वर्ष. दुसऱ्या शुभवर्तमानात एक बाई येते, बारा वर्षं आजारी असलेली. गर्दीतून मागून येते आणि प्रभूच्या वस्त्राला हात लावते. मूळ ग्रीकमध्ये हे एकच लांबलचक वाक्य आहे. ‘बाई’ हा शब्द एका वचनात येतो आणि ‘हात लावला’ हे थेट दोन वचनं पुढे. आता वचनागणिक कार्ड केलं की काय होणार? पहिल्या कार्डावर बाई आहे, पण तिने काहीच केलेलं नाही. तिसऱ्या कार्डावर हात लावलेला आहे, पण कोणी लावला याचा पत्ता नाही. बाई सूचीतून गेलीच.

ती तेव्हा तिन्ही कार्डं घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली होती. वाक्य तोडायला नको, जिथं संपतं तिथपर्यंत एकच कार्ड करू या, असं तिने सांगितलं. डॉक्टर हसले होते.

तिने कपाटातून त्या वर्षीची डायरी काढली. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय, एक दिवस चुकलेला नव्हता. पान सापडायला दोन मिनिटं लागली नाहीत.

“१४ जून, मंगळवार. ११.४० वाजता डॉक्टरांना तीन कार्डं दाखवली. म्हणाले, ‘बाई, एक वचन, एक कार्ड. तुम्ही कार्डं करा, विचार मी करतो.’ तपकिरी टाय, ठिपक्यांचा. चहाला बोलावलं नाही.”

नणंदेने ते वाचलं आणि डायरी मिटून परत दिली. “छान आहे. पण तुझी वही, तुझं अक्षर आणि साक्षीदारही तूच. तो म्हणेल, म्हातारीने काल बसून लिहिलं.”

“मग काय करू?”

“एक बाई हरवली तर नजरचूक म्हणता येते. किती जणं हरवलीत ते दाखव. सगळी एकाच भोकातून पडलीत असं निघालं, तर भोक कोणी पाडलं ते विचारता येईल.”

पुस्तक छापायला जायला चार आठवडे होते. हाताने शोधायचं तर चार वर्षं लागली असती. पण विद्यालयाच्या ग्रंथालयात आता बायबलच्या अभ्यासाचा एक प्रोग्राम होता. त्यात म्हणे सगळं ग्रीक वाक्यावाक्याने सोडवून ठेवलेलं होतं, आणि कर्ता काय, क्रियापद काय, हवं ते मागता यायचं. ग्रंथपाल भला माणूस होता. त्याने खिडकीजवळचा संगणक रोज दहा ते एक तिच्या नावाने लिहून ठेवला आणि एक छापील माहितीपुस्तिका हातात दिली. “मला यातलं फारसं कळत नाही, बाई. शब्द शोधायला सोपं आहे. वाक्याची रचना शोधायची म्हणजे आधी ती रचना आपण बांधून द्यावी लागते.”

“बांधते की,” ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने चौकटी ओढून ओढून काहीतरी बांधलं आणि शोध लावला. उत्तर आलं शून्य. नणंद शेजारच्या खुर्चीत बसून पुस्तिका वाचत होती. “लाइन लागली नाही,” ती म्हणाली. “पुन्हा फिरव.”

चूक अशी होती की तिने कर्ता आणि क्रियापद एकात एक घातले होते. कर्त्याच्या पोटात क्रियापद कुठून असणार? दुसऱ्या दिवशी तिने दोघांना सुटं ठेवलं, तर पडद्यावर हजारोंनी वाक्यं सांडली. या वाक्यातला कर्ता आणि त्या वाक्यातलं क्रियापद, कोणाचा कोणाशी संबंध नाही.

“आता क्रॉस कनेक्शन लागलंय,” नणंद म्हणाली. “आमच्याकडे असं झालं की नवरा बायकोला समजून भलतीलाच शिव्या घालायचा.”

“वन्सं, गप्प बसा जरा.”

“गप्प बसायचा पगार कधी घेतला नाही मी.”

चौथ्या दिवशी तिला गोम कळली. आधी वाक्याची मोठी चौकट घ्यायची. तिच्या आत कर्त्याची एक आणि क्रियापदाची एक, अशा दोन चौकटी शेजारीशेजारी ठेवायच्या. दोन्ही त्याच मोठ्या चौकटीच्या पोटात. मधे कितीही शब्द आले तरी चालतील अशी खूण करायची. मग कर्त्याच्या चौकटीत शब्द भरायचा. तिने ‘बाई’ भरला, क्रियापदात ‘हात लावणे’ भरलं, आणि बटण दाबलं.

यादी आली. पण दुसऱ्या शुभवर्तमानातली आजारी बाई त्यात नव्हती.

म्हणजे डॉक्टरच बरोबर? यंत्राला काही तिच्याशी वैर नव्हतं. यंत्रानेही तिला तेच सांगितलं, ही बाई नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला. त्या दिवशी परत जाताना ती नणंदेशी एक शब्द बोलली नाही, आणि नणंदही, नवल म्हणजे, गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असतानाच ती दारात उभी होती. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायची असं तिने ठरवलं होतं, सूचना, तळटिपा, सगळं. एकोणिसाव्या पानावर ते सापडलं. शोधाला एक हद्द असते. कुठल्या हद्दीत शोधायचं ते पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि आपण काही बदललं नाही तर तिथं ‘वचन’ असतं.

“वन्सं, इकडे या. हे वाचा.”

नणंदेने नाक पडद्याला लावलं. “हद्द, वचन. अगं बाई! म्हणजे हे यंत्रही डॉक्टरांच्याच हाताखाली शिकलंय!”

तिने ‘वचन’ काढलं, ‘वाक्य’ केलं, आणि बटण दाबलं.

आजारी बाई यादीत आली. कार्डबाई पुढे वाकली आणि पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. बाई वरच्या टोकाला निळ्यात, हात लावणं खालच्या टोकाला लाल रंगात. प्रोग्रामने रंगही तिचेच घेतले होते, योगायोगाने का होईना. “आता बघते याच्याकडे,” ती म्हणाली, आणि ते आजारी बाईविषयी नव्हतं, डॉक्टरांविषयी होतं.

तिने शब्द काढून टाकले, चौकटी मोकळ्या ठेवल्या. कोणताही कर्ता आणि त्याचं क्रियापद, दोन वेगळ्या वचनांत पडलेले. मग कोणताही कर्ता, एकाच वचनात. मग दोन्ही याद्या छापून घेतल्या आणि डॉक्टरांच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. नऊ दिवस लागले. नणंद वाचायची, ती खूण करायची. सुटलेली वाक्यं निघाली दोनशे अकरा.

त्यातली दोनशे दहा वचनाच्या सीमेवर तुटलेली होती. एक मात्र तशी नव्हती.

ते एक वाक्य सरळसोट होतं, एकाच वचनात, कर्त्याच्या शेजारीच क्रियापद. ते कार्ड तिने लिहिताना कर्ताच लिहिला नव्हता. तिने त्या दिवसाची डायरी काढली. लिहिलं होतं, “थोडी सर्दी. काम नीट झालं.”

“पुसून टाक,” नणंद म्हणाली. “दोनशे दहा काय कमी आहेत? तो तेवढंच एक धरून बसेल.”

खोडरबर हाताशी होतं. पुसलं तर डॉक्टरांना धरायला काहीच उरत नव्हतं. पण ते एक जर डॉक्टरांनीच शोधून काढलं असतं, तर बाकीच्या दोनशे दहांवर पाणी पडलं असतं. आणि दुसरं असं की, जिने एकोणीस वर्षं खोटं कार्ड केलं नाही, तिने डॉक्टरांसाठी पहिलं खोटं का करावं? एवढी किंमत नव्हती त्यांची.

तिने तेच वाक्य यादीत सगळ्यात वर घेतलं. पुढे लिहिलं, ‘ही माझी चूक.’

छापखान्याच्या मागच्या खोलीत, शाईच्या वासात, चौघं बसले. छापखानेवाला, डॉक्टर, ती आणि नणंद. डॉक्टरांनी आल्याआल्या साखर पेरली. “बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. प्रस्तावनेत कोणाचं नाव थोडंच आहे?”

“कार्डं करणारी एकच होते मी. नाव कशाला लागतं?”

तिने यादी पुढे केली. डॉक्टरांनी पहिली ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला. “तुम्हीच कबूल करताय की.”

“एक. आता पुढची पानं उलटा.”

त्यांनी उलटली. पाचव्या पानापर्यंत चेहऱ्यावरचं हसू उतरलं होतं. “हे यंत्राने काढलंय. यंत्राचा काय भरवसा?”

“कुठलाही आकडा सांगा. पुस्तक इथं आहे, ग्रीकही आहे.”

“एकशे चाळीस.”

तिने उघडून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, “त्र्याण्णव.” तेही दाखवलं. तिसरा आकडा त्यांनी सांगितला नाही. मग तिने डायरी काढली आणि १४ जूनचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. डॉक्टरांनी वाचलं. ठिपक्यांच्या टायपाशी त्यांची नजर अडखळली, आणि हात आपोआप गळ्याशी गेला.

“बाई, वीस-पंचवीस वर्षं झाली त्याला. मी काही मुद्दाम...”

“मुद्दाम नव्हतं ते माहीत आहे. मुद्दाम आत्ता केलंत.”

छापखानेवाल्याने घसा खाकरला. “काय छापायचं ते सांगा, बाई.”

तिने लिहूनच आणलं होतं. पहिल्या आवृत्तीत दोनशे अकरा वाक्ये सुटली. एक कार्डे करणारीच्या हातून. बाकीची दोनशे दहा संपादकाच्या ‘एक वचन, एक कार्ड’ या नियमामुळे. हा दोष तिसऱ्याच वर्षी, १४ जून रोजी, संपादकाच्या निदर्शनास आणून दिला होता. तो त्यांनी मानला नाही. खाली डॉक्टरांची सही. आणि प्रकाशनाच्या दिवशी ही प्रस्तावना त्यांनी स्वतः वाचायची.

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“मासिकात ज्या प्राध्यापकांनी पुस्तकावर पत्र लिहिलं होतं, त्यांच्या पत्त्याचं पाकीट तयार आहे.”

“तिकीटसुद्धा लावलंय,” नणंद म्हणाली. “मी चाटून.”

डॉक्टरांनी सही केली. पेन तिचं होतं. परत घेताना तिने ते रुमालाने पुसलं.

प्रकाशन ग्रंथालयाच्या सभागृहात झालं. साठ-सत्तर माणसं होती, पाळक, अध्यापक, माळीसुद्धा. पहिल्या रांगेत, मधोमध, ती नव्या आवृत्तीची प्रत मांडीवर उघडून बसली होती. हातात पेन्सिल. डॉक्टर वाचू लागले तशी तिची पेन्सिल ओळीखालून सरकू लागली, मुद्रितं तपासताना सरकायची तशीच.

तिसऱ्या परिच्छेदाशी डॉक्टरांचा आवाज खाली आला. दोनशे अकरा त्यांनी वाचलं. नियमाचंही वाचलं, भराभरा. मग पान उलटलं आणि ते थेट आभारावर आले.

तिने पेन्सिल वर केली.

अध्यक्षांनी विचारलं, “काय, बाई?”

“डॉक्टर, एक ओळ राहिली.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती हे तिला दिसलं. पेन्सिल तिने खाली घेतली नाही.

त्यांनी पान मागे उलटलं. “हा दोष,” ते म्हणाले, आणि थांबले. पाणी प्यायले. “हा दोष तिसऱ्याच वर्षी, १४ जून रोजी, संपादकाच्या निदर्शनास आणून दिला होता. तो त्यांनी... तो मी मानला नाही.”

‘मी’ छापलेलं नव्हतं. तिने समासात बारीक खूण केली, आणि ती तशीच राहू दिली.

चहाच्या वेळी डॉक्टर “बाई, चहाला चला” म्हणत तिच्या दिशेने आले, आणि ती पाठ वळवून ग्रंथपालाशी बोलत राहिली. नणंदेने दोन कप आणले. “झालं का पोट भरून?”

“चहा घ्या, वन्सं. थंड होतोय.”

खिडकीजवळच्या त्याच संगणकाच्या टेबलावर बसून तिने पिशवीतली डायरी काढली आणि ये-जा करणाऱ्या माणसांच्या गडबडीत लिहिलं, “गुरुवार. ४.२२ वाजता डॉक्टरांनी ओळ वाचली. करडा टाय, साधा. चहाला बोलावलं. मी गेले नाही, वन्संबरोबर घेतला.”