चातुर्मासात सोडलेली गोळी

संगमनेरच्या कोर्टातले नकलनवीस दत्तोपंत राजूरकर यांचं अक्षर असं होतं, की हरलेला पक्षकारसुद्धा निकालाची नक्कल घरी नेऊन दोनदा निरखायचा. कोर्टात टाइपरायटर एकच, आणि तोही 'र' आला की अडून बसणारा. त्यामुळे दत्तोपंतांना मान होता. माणूस एरवी गरीब. बायकोला, म्हणजे सुनीतीबाईंना, त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. कारण उत्तर तयार होईपर्यंत बाई दुसऱ्या खोलीत गेलेल्या असत.

१९७०च्या पावसाळ्यात हा माणूस भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. कारण काहीच नाही. पान वाढलं की जेवायचे. वाढलं नसतं तरी चाललं असतं. गल्लीनं भरपूर औषधं सुचवली. कुणी ब्राह्मी सांगितली, कुणी बदली करून घ्यायला सांगितली, एकानं तर सगळा दोष शनीवर ढकलला. शेवटी सुनीतीबाईंनी त्यांना एसटीत बसवून पुण्याला डोक्याच्या डॉक्टरांकडं नेलं. दिवसाला तीन गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या आठवड्यात दत्तोपंतांनी दाढी केली आणि भिंतीला पोपडे आलेत अशी तक्रार केली. इतकी गोड तक्रार सुनीतीबाईंनी उभ्या संसारात ऐकली नव्हती.

पण गोळीनं माणूस दिला आणि हात नेला. तोंडाला कोरड पडायची, तिच्यावर पाण्याचा तांब्या होता. उजव्या हाताला कंप सुटला, त्याच्यावर काहीच नव्हतं. नक्कल वाचताना वाटायचं, वादी आणि प्रतिवादी दोघं टांग्यातून चाललेत. पुढच्या खेपेला दत्तोपंतांनी डॉक्टरांना विचारलं, की या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, आणि दहा वर्षं घेतल्या तर हाताचं काय होईल?

डॉक्टर सज्जन होते, खोटं बोलले नाहीत. "औषध नवं आहे, राजूरकर. तेवढी वर्षं घेतलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही." मनानं बंद मात्र करू नका, असंही त्यांनी बजावलं, पण दत्तोपंतांच्या कानात पहिलंच वाक्य राहिलं. तो माणूस आपणच होणार की काय, या धास्तीनं ते परतीच्या एसटीत नारायणगावापर्यंत आपला उजवा हातच निरखत बसले.

पुढच्या वर्षी आषाढी एकादशीला गल्लीतली मंडळी राममंदिरात चातुर्मासाचे नेम धरायला जमली. चार महिने एखादी वस्तू सोडायची. वस्तू जिवाची असावी असा संकेत आहे. कुणी वांगी सोडतं, कुणी गादी. मी दरवर्षी कारली सोडतो, तो भाग वेगळा. दत्तोपंतांनी संकल्पाचं पाणी तळहातावर घेतलं. निम्मं संकल्पाआधीच सांडलं. उरलेल्या पाण्यावर त्यांनी मनातल्या मनात गोळी सोडली. सुनीतीबाईंना वाटलं, नवऱ्याची तंबाखू सुटली.

पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ, घाम, अंगात कसकस, आणि डोळा लागला की कसली कसली स्वप्नं. दत्तोपंतांनी ते तपाचं फळ मानलं. दुसऱ्या आठवड्यात फळ खरोखर हाती आलं. कंप थांबला, अक्षर पूर्वीसारखं उतरू लागलं. आनंदानं त्यांनी एका पानाची नक्कल उगाचच दोनदा केली. कोर्टाचा शिपाई गहिनीनाथ त्यांच्या टेबलाशी उभा राहून ती नक्कल बघत होता. मग त्यानं दत्तोपंतांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "अक्षर लई झाक आलंय, दत्तोपंत. पर तुमी जाग्यावर न्हाई."

नागपंचमीला दत्तोपंत पुन्हा भिंतीपुढं बसले होते.

सुनीतीबाईंना भरलेली बाटली देव्हाऱ्यामागं सापडली. मग सगळं बाहेर आलं. दत्तोपंत म्हणाले, आता घेता येत नाही, रामापुढं सोडलीय. बाईंनी डॉक्टरांची आण घातली. दत्तोपंतांनी रामाची पुढं केली. दिवसभर हेच. शेवटी ते भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले, "घेतली तर हात जातो. नाही घेतली तर मी जातो. काय करू सांग."

"हलत्या हाताचं मी वाचते," सुनीतीबाई म्हणाल्या. "तुम्ही असे बसलात की मला नुसती पाठ दिसते."

त्यांनी पुण्याला डॉक्टरांना तार केली. गोळी लगेच पूर्वीसारखी सुरू करा, मग समक्ष आणा, असं उत्तर आलं. ते खिशात घालून, नवऱ्याला दंडाला धरून त्या राममंदिरात गेल्या. तिथले नृसिंहभट सत्तरीचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आजारपणात नेम आवरता येतो, म्हणाले. उद्यापन करायचं आणि सोडलेली वस्तू ब्राह्मणाला दान द्यायची. भटजींनी जन्मभर वांगी घेतली होती, तूप घेतलं होतं, एकदा गादीही घेतली होती. पुण्याची गोळ्यांची बाटली पहिलीच. तिच्यावर तुळशीचं पान ठेवून त्यांनी ती यथासांग स्वीकारली, कनवटीला लावली आणि म्हणाले, "आता ही माझी. रोज सकाळी या. दिवसभराच्या गोळ्या रामापुढं ठेवून तुम्हाला प्रसाद म्हणून देईन. प्रसाद नाकारायचा, असं कलम तुमच्या संकल्पात आहे का?"

दत्तोपंतांनी कोर्टातल्या माणसासारखा बराच विचार केला. तसं कलम नव्हतं.

त्याला आता दोन वर्षं होतील. पुढं डॉक्टरांनी स्वतःच, सावकाश, तिनाच्या दोन केल्या. दोनाची एक केली तेव्हा दत्तोपंत पुन्हा भिंतीकडं बघायला लागले, म्हणून परत दोन. एक कधी होईल, शून्य कधी होईल, डॉक्टर सांगत नाहीत, आणि दत्तोपंतांनी विचारणं सोडलंय. नकला आता टाइपरायटरवर निघतात. दत्तोपंत त्यातले राहून गेलेले 'र' शोधतात. ती दोनदा केलेली नक्कल पोथीत घडी करून ठेवलेली आहे. ती ते उघडत नाहीत.

सकाळी मंदिरात रांगेत उभे असतात. त्यांची पाळी आली की भटजी कनवटीची बाटली काढतात. प्रसाद घेताना उजव्या हाताखाली डावा धरायची आपली रीत आहे. आम्ही सगळे ती रीत म्हणून पाळतो. दत्तोपंतांना डाव्या हातानं उजवा घट्ट धरावाच लागतो, नाहीतर गोळी खाली पडते.