लाल दिव्याचा अंधार

प्रयोगशाळेत त्यांना सगळे डार्करूमकाका म्हणत. वीस वर्षं त्यांनी स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत काळे-पांढरे फोटो धुतले होते. स्टुडिओ बंद पडला आणि ते इथे बाटल्या धुवायला लागले, वर्षावर्षाच्या करारावर.

प्रयोग दिसायला साधा होता. एका बाटलीत दोन पदार्थ, चिमूटभर निकेल, वर निळा दिवा. उजेड पडला की निकेल कामाला लागतं आणि दोन रेणू जोडले जातात. अंधारात काहीच होत नाही. ते सिद्ध करायला दर वेळी एक बाटली अंधारात ठेवायची. हे काम काकांचं.

काका ती कपाटात ठेवत. आत त्यांनीच लावलेला एक लाल बल्ब जळत असे, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून. फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही. वीस वर्षं काकांच्या लेखी लाल म्हणजे अंधारच होता.

त्या अंधारातल्या बाटलीत रेणू जोडलेले निघाले. एकदा नाही, तीनदा.

"काका, बाटली नीट धुतली होती ना?" संशोधन करणाऱ्या मुलीनं विचारलं.

"तोंड बघून घे तिच्यात."

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सरांनी, काकांच्या फाइलीत शेरा मारला: कामात निष्काळजी.

काकांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी मुलीकडून दोन बाटल्या भरून घेतल्या. एक लाल बल्बखाली ठेवली, दुसरी काळ्या पिशवीत गुंडाळून तिच्याच शेजारी. पिशवीतल्या बाटलीत काही झालं नव्हतं. बल्बखालचे रेणू जोडलेले होते, निळ्या दिव्याखाली व्हायचे त्याहून स्वच्छ.

"लाल उजेडात एवढा दम नसतो हो, काका."

"नसू दे. काम झालंय ना?"

ती धावतच सरांकडे गेली.

वर्ष सरत आलं तेव्हा सरांचा लेख छापून आला. मंद लाल उजेड खोलवर पोचतो, पदार्थ करपवत नाही, असं त्यात होतं. 'लाल दिवा विचारपूर्वक निवडला,' असंही होतं. कपाटाचा मोठा फोटो बाहेर भिंतीवर लागला.

त्याच आठवड्यात कार्यालयातून कागद आला. शेरा असल्यामुळे करार वाढवता येत नाही.

काका सरांसमोर उभे राहिले. "सर, तेवढा शेरा काढा."

"काढायचा तर कारण द्यावं लागेल, काका. मग तो बल्ब तिथे कसा आला, तेही आलंच." सरांनी चष्मा पुसला. "लेख छापून झालाय. तुम्ही समजूतदार आहात."

मुलगी तिथेच होती. ती मान खाली घालून वहीची पानं उलटत राहिली.

शेवटच्या दिवशी काकांनी सगळ्या बाटल्या धुवून पालथ्या घातल्या. मुलगी दारात घुटमळली.

"काका, आता अंधारातली बाटली कुठे ठेवू?"

काकांनी खिशातून काळी पिशवी काढून तिच्या हातात दिली.

"बाटली नीट धुतली आहे," ते म्हणाले. "तोंड बघून घे तिच्यात."