मिस्त्रींचं मनगट

वैशू, इकडे ये. जवळ बस. कागदावर कुठली जवळ बसणार म्हणा, पण मला असंच बोलता येतं, आणि फोन तू उचलत नाहीस. दोनदा उचललास, दोन्हीदा ‘काकू, बघते’ म्हणून ठेवलास. चार वर्षं काय बघून राहिलीस गं? तुझ्या बापाला लकवा होऊन तीन महिने झाले. उजवा हात मांडीवर ठेवून गॅरेजच्या दारात बसून असतात. रागावते आहे, रागावू दे. अंगाखांद्यावर खेळवलंय तुला, तेवढा हक्क ठेव माझा.

आता मिस्त्रींबद्दल सांगते. तू म्हणशील, बाप माझा, मला काय सांगता? पण गॅरेजला लागून माझं घर. तू शाळेत असायचीस तेव्हा त्यांचं दिवसभराचं बोलणं माझ्याच खिडकीत यायचं.

बोल्ट खोलताना मिस्त्री डोळे मिटायचे. अमरावतीत गॅरेजं काय कमी आहेत, पण असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाना लावला की डोळे बंद, मान जराशी वाकडी. चांदूर रेल्वे गावचं एक गिऱ्हाईक एकदा घाबरलंच. “मिस्त्री, झोपले का?”

“झोपलो नाई बापा, आयकून राहिलो.”

“आयकाले डोये काहून मिटा लागते?”

“कानानं आयकत असतो तर आधी तुहं तोंड बंद केलं असतं. मी मनगटानं आयकतो.”

जाम झालेल्या बोल्टावर ते कधी हातोडा उगारत नसत. आधी तेल सोडायचे. “पेऊ दे त्याले.” मग स्वतः चहा प्यायचे, आणि त्यांचा चहा म्हणजे घंटाभर. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं, हे बशीत फुंकर घालत बसायचे. आणि मग, बघ हं, बोल्ट सोडायच्या ऐवजी आधी केसभर आवळायचे. मी विचारलं, हे काय उलटं? तर म्हणाले, “वयनी, आधी थोडा आवळाचा. त्याले वाटते आपलंच खरं झालं. मंग ढील देते.” हा उपाय मी माझ्या सासूबाईंवर करून पाहिला. चालला बाई!

चुकलं ते इथंच. लोखंडाची रीत त्यांनी घरात आणली. आई गेली तेव्हा तू बारा वर्षांची. तेव्हापासून तुला वाढवलं ते त्यांनीच, त्यात खोट नाही. पण तू पुण्याला नोकरी लागली म्हणालीस आणि त्यांनी अंजनगावचं स्थळ आणलं. तू नाही म्हणालीस, त्यांनी आवळलं. आधी नोकरीचा कागद कपाटात ठेवला, मग तुझं एकटीनं बाहेर जाणं बंद केलं. सहा महिने तुम्हा दोघांचं भांडण माझ्या भिंतीतून ऐकू यायचं. आणि एक दिवस तू शांतपणे म्हणालीस, “बरं बाबा, तुम्ही म्हणाल तसं.”

त्या दिवशी मिस्त्रींनी गल्लीत पेढे वाटले. मलाही दिला. “सुटलं बापा एकदाचं,” म्हणाले. मी पेढा खाल्ला, वैशू. वर तुला म्हटलं, शहाणी पोर माझी. तू नुसतं पाहिलंस माझ्याकडे. ते पाहणं मला अजून सोडत नाही. साखरपुड्याला दोन दिवस उरले होते, आणि तू सकाळच्या गाडीनं निघून गेलीस. तुला दोष देत नाही मी. तो पेढा मी खायला नको होता.

आता मागल्या महिन्यातलं सांगते. माझी जुनी गाडी तुला माहीत आहे, अकोल्याला बहिणीकडे जाते मी ती घेऊन. तिच्यातून किरकिर यायला लागली, बॉनेटखाली चिमण्या कोंडल्यासारखी. गॅरेज बंदच होतं, तरी मी दारात नेऊन उभी केली. मिस्त्रींनी खुर्चीतूनच ऐकलं. “बेल्टची पुली गेली वयनी, बेअरिंग वाजून राहिलं. दुसरीकडं न्या.”

“दुसरीकडे कशाला? तुम्ही सांगा, मी खोलते.”

“तुमी?”

“का? माझ्या हाताला लकवा झालाय का?”

बोलून गेले आणि जीभ चावली. पण ते हसले, वैशू. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले. तोंड एका बाजूला वाकडं होतं आता हसताना.

नवी पुली मी दुकानातून आणली. त्यांनी खुर्ची गाडीजवळ ओढून घेतली. ते सांगत गेले तसा मी बेल्ट काढला. पुलीचा बोल्ट मात्र गंजून बसलेला. तेल सोडलं, चहा झाला, केसभर आवळूनही पाहिला. ढिम्म! मग जोर वाढवायला मी पान्याच्या दांडीत पाईप घातला, आणि मिस्त्रींनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. डोळे मिटले. मी जोर लावला. पाना हलला.

“सुटला! मिस्त्री, सुटला!”

“थांबा!” असे ओरडले की माझा हात निसटला. “सोडा तो पाना.”

“अहो, हलतोय की.”

“सुटून नाई राहिला, नरम पडून राहिला. सुटनारा बोल्ट भांडते वयनी, कट्ट करते. तुटनारा आधी नरम पडते. मानसाले वाटते, आला ताब्यात. अन् मंग त्याचं मुंडकं हातात येते.”

हात माझ्या मनगटावर तसाच. मग म्हणाले, “वैशू बी नरमच लागली होती. भांडत होती तवा मी भेलो नाई. ‘बरं बाबा’ म्हनली, तवा भ्याले पायजे होतं. सारी जिंदगी याच कामात गेली माही, अन् घरात समजलं नाई.”

पेढ्याचं सांगायचं ओठांवर आलं होतं, पण नाही सांगितलं.

त्या दिवशी आम्ही बोल्टाला हात लावला नाही. रोज तेल सोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी थोडा आवळ, थोडा सोड, असं करत करत कट्ट झालं आणि तो निघाला. नवी पुली बसली, गाडी गुपचूप चालू लागली. मिस्त्रींना आनंद होईल म्हणून मी वळून पाहिलं, तर ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते.

तेव्हाच विचारलं, “वैशूला बोलावू का?”

“नका. बोलावनं म्हंजे जोर लावनंच झालं. तिले वाटन तवा येईन.”

मला हे पटलं नाही. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. संध्याकाळ झाली की जीभ जड होते त्यांची, शब्द नीट कळत नाहीत. परवा मला तुझ्या आईच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली, करू काय? त्यांना तुला जे सांगायचं आहे ते अजून त्यांच्या तोंडून सांगता येतं, म्हणून त्यांच्या नकळत हे लिहिते आहे. माफ कर असं म्हणत नाही मी. ते तुझं तू ठरव. समोर बसून भांडलीस तरी चालेल, मला वाटतं त्यांना तेच हवं आहे.

रविवारी ये. बडनेऱ्याला उतर, मी घ्यायला येते. रविवारी नाहीच जमलं तर सोमवारी ये. पण पुढच्या महिन्यात म्हणू नकोस, पोरी.