तालमीत लागलेलं लग्न

जोशीबुवांनी "शुभमंगल सावधान" म्हटलं आणि तालमीलाच गावानं अक्षता टाकल्या. ज्वारीच्या, कुंकू लावलेल्या, खऱ्या. एक दाणा थेट माझ्या डोळ्यात गेला. मी डोळा चोळत होते आणि समोर पंचेचाळीस वर्षांचा कॉलेजकुमार हार घेऊन घामाघूम उभा होता.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. गाव गोरेगावच्या पुढे, जीपनं अर्धा तास. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या नातवंडांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

आमचा धंदा आधी सांगते. गावोगावी हौशी नाटक मंडळं असायची. जत्रेला नाटक व्हायचं. पुरुष सगळे गावातले. बायकांची कामं करायला मात्र कुणी आपली लेक-सून पाठवत नसे. कलेची सेवा करायची, पण दुसऱ्याच्या लेकीनं. मग अकोल्याच्या एजंटाला कार्ड टाकायचं, की तो आमच्यासारखी एक नटी एसटीत बसवून द्यायचा. एका प्रयोगाला आम्ही 'नाईट' म्हणायचो. भूमिकेची वाक्यं उतरवलेली वही म्हणजे 'नक्कल'. माझी नक्कल पाठ असायची. गावकऱ्यांची बहुतेक वेळा विंगेत पडलेली असायची.

मी मिरजेची. घरी विमल, पोस्टरवर 'सिनेस्टार कुमारी नयना'. सिनेस्टार का, तर एका चित्रपटात मी हिरॉइनच्या मागून घागर घेऊन गेले होते. त्यात माझी पाठ दिसते. त्या पाठीवर मी कित्येक हंगाम काढले. आणि कुमारी का, तर सौभाग्यवती छापलं की तिकीट खपत नाही, असं एजंटाचं म्हणणं.

पोस्टरवर कुमारी असले तरी एसटीत मी सौभाग्यवती असायची. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर मोठं कुंकू, आणि 'आमचे हे मिलिटरीत हवालदार आहेत' हे वाक्य जिभेच्या टोकावर. हवालदार मी स्वतः घडवला होता. उंची, मिशा, तापट स्वभाव, सगळं. एकट्या बाईला चारशे मैल लांब हिंडायचं तर असा नवरा लागतोच. तो नसता तर माझ्यापुढे दुसरा रस्ता एकच होता: मिरजेला भावाच्या घरी परत जाणं आणि वहिनीच्या हाताखाली जन्मभर लसूण सोलणं.

तर त्या गावातले हिरो गंगाधरराव. मंडळाचे अध्यक्ष तेच, डायरेक्टर तेच, आणि गावातल्या एकुलत्या एक पिठाच्या गिरणीचे मालकही तेच. त्यामुळे त्यांचा अभिनय वाईट आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हणणाऱ्याला जाडं भरडं पीठ मिळालं असतं. माझी उतरायची सोय त्यांच्याच घरी होती. त्यांची बायको पारूबाई मला गरम भाकरी वाढायची आणि फारसं बोलायची नाही. नुसती बघायची.

आदल्या दिवशी गंगाधरराव मला म्हणाले, "बाई, आपलं काम म्हंजी एकदम असली राहते. शेवटच्या लग्नाच्या सीनला खरा भटजी आणून राहिलो."

मी म्हटलं, "गंगाधरराव, खोटा भटजीच बरा. खरा भटजी लवकर थांबत नाही."

"तुमी शहरातल्या मान्सायला खऱ्याचं भ्या काहून वाटते?"

धंद्यात अध्यक्षाशी वाद घालायचा नसतो.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात रंगीत तालीम झाली. रंगीत तालीम म्हणजे कपड्यांसकट, मेकअपसकट शेवटची तालीम. निम्मं गाव जमलं. मी नवरी, म्हणून माझं मंगळसूत्र काढून कनवटीला लावलं. जोशीबुवा सोवळं नेसून आले. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मला वाटलं, संपलं. कसलं काय! बुवांनी कन्यादान काढलं. मुलीच्या बापाच्या भूमिकेत होते गंगाधररावांचे धाकटे सख्खे भाऊ नामदेवराव. मनानं गरीब आणि पाठांतरानं महागरीब.

बुवांनी विचारलं, "कन्येच्या पित्याचं नाव?"

नाटकात बापाचं नाव 'दिवाणसाहेब' होतं. नामदेवरावांना ते आठवलं तर शपथ! त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि बेधडक स्वतःचं नाव सांगितलं. वडलांचंही सांगितलं. बुवांनी ते सगळं मंत्रात घातलं, पाणी सोडलं, माझा हात गंगाधररावांच्या हातात दिला. मग नाटकातलं मंगळसूत्र, सात पावलं. मला वाटलं आता डोहाळजेवणही उरकतात की काय.

सगळं आटोपल्यावर बुवा घाम पुसत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "झालं. आता हे लग्न लागलं."

लोक हसले. बुवा हसले नाहीत.

"हसायला काय झालं? मंत्र म्हणजे मंत्र. तीस वर्षांत माझ्या तोंडचा एक मंत्र वाया गेलेला नाही. विधी पुरा झाला. शास्त्राप्रमाणे ही बाई आता यांची पत्नी."

मी गंगाधररावांकडे बघितलं. म्हटलं, आता हा माणूस बुवांना झापेल. तर स्वारी हातातल्या हाराकडे बघून लाजत होती! म्हणाले, "आता बुवाच म्हनून राहिले तं... देवाच्या मनात असंल त्याला आपन काय करावं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कनवटीचं मंगळसूत्र काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. "माझं लग्न झालेलं आहे. नवरा हवालदार आहे. मिलिटरीत."

झालं! बुवा ताडकन उठले. "परस्त्री? माझ्या हातून परस्त्रीचं लग्न लावलंत? आता आधी प्रायश्चित्त, मग नाटक. ते होईस्तोवर पडदा उघडायचा नाही. आणि बाईच्या मालकाला तार करा, येऊन घेऊन जाऊ दे."

तार! कुठल्या पत्त्यावर करणार? तेवढ्यात गंगाधररावांनी भिंतीवरचं पोस्टर काढून आणलं. "थांबा बुवा. हे पाहा, 'कुमारी' लिहेल हाय. छापील हाय. छापेल कुठं खोटं राहते व्हय?"

आता बघा कशी कोंडी झाली. नवरा आहे म्हणावं तर परस्त्री, प्रयोग बंद, आणि तार जाणार त्या माणसाला, जो जन्मालाच आला नव्हता. नवरा नाही म्हणावं तर बुवांच्या शास्त्रानं मी गिरणीवाल्याची दुसरी बायको. शिवाय हवालदार खोटा ही बातमी जत्रेतून जत्रेत पोचायला चार दिवस पुरले असते. मग प्रत्येक मंडळाचा प्रत्येक अध्यक्ष माझ्या खोलीची कडी वाजवायला मोकळा. म्हणजे मिरज आणि लसूण.

पोस्टर छापलं तेव्हा मला मोठी ऐट आली होती. प्रसिद्धी म्हणतात ती हीच. आपल्याबद्दल छापलेलं खोटं आपल्याच अंगावर फेकायला लोकांच्या हातात मिळतं.

मी तोंड उघडणार, काय बोलणार ते मलाच ठाऊक नव्हतं, एवढ्यात बायकांच्या बाजूनं पारूबाई उठली. पदर नीट केला. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ बुवांपुढे गेली.

"बुवा, कन्यादान कोनं केलं?"

"नामदेवरावांनी केलं."

"मंत्रात बापाचं नाव कोनाचं घेतलं?"

"त्यांचंच. त्यांनी सांगितलं तेच घेणार ना!"

"मंग मंत्र खरा असंल तं ही बाई आमच्या भाऊजीची लेक झाली. बराबर?"

बुवा उपरणं सावरायला लागले.

"म्हंजी माझी पुतनी झाली. आन तुमी सख्ख्या चुलत्यासंगं पुतनीचं लगीन लावलं. व्हय का न्हाई?"

गंगाधरराव घाईघाईनं म्हणाले, "अवं, ते बापाचं नाटकातलं हाय!"

"मंग लगीन कुठलं हाय?" पारूबाईनं पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं. "बाप नाटकातला आन बायकू खरी? असं निवडून निवडून खरं करायला ही काय भाजी हाय?"

बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. पारूबाई पुन्हा बुवांकडे वळली. "बुवा, हे हिंगोलीला कळलं तं सत्यनारायनाला बी कोनी बलावनार न्हाई तुमाला."

तीस वर्षांत मंत्र वाया न गेलेले बुवा एका मिनिटात बदलले. "अहो, नाटकच होतं! मी संकल्प कुठे सोडला होता? तसं बघितलं तर काहीच झालेलं नाही." त्यांनी पळीपंचपात्र गोळा केलं आणि निघाले. चप्पल उलटसुलट घातली होती.

या सगळ्यात नामदेवरावांना नुकता कुठे उजेड पडला होता. ते आनंदानं म्हणाले, "वैनी, म्हंजी घडीभर मी दादाचा सासरा व्हतो?"

"व्हता ना भाऊजी. पाया पडून घ्यायचं व्हतं."

मला हसू आवरेना. रडूही येत होतं, खरं सांगते.

नाटक ठरल्यावेळी झालं. मंगलाष्टकं पेटीवाल्यानं म्हटली. गंगाधररावांनी हार हातभर लांबून टाकला तो माझ्या खांद्यावर अडकला, आणि लोकांतून कुणीतरी ओरडलं, "काका, जरा जवळून टाका की!" असा वन्समोअर त्यांना आयुष्यात मिळाला नसेल. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद होती म्हणे.

सकाळी एसटीच्या फाट्यापर्यंत पारूबाई पोचवायला आली. फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. गाडीला वेळ होता. आम्ही लिंबाखाली बसलो. ती माझ्या गळ्याकडे बघत म्हणाली, "वाट्या पितळंच्या हायेत तुमच्या."

मी पदर गळ्यावर ओढला. "कधी कळलं?"

"आल्या दिशीच. आन हवालदार बी पितळंचाच असंल."

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, "हो."

"मंग घालता काहून?"

"नाही घातलं तर लोक विचारतात, कुणाची? घातलं तर विचारतात, नवरा कुठे असतो? पारूबाई, दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देता येतं."

तिनं मान हलवली. मग स्वतःच्या गळ्यातलं दोन बोटांत धरून म्हणाली, "हे माझ्या बापानं चोख सोन्याचं केलं. आन ज्याच्या नावानं घालते, तो काल साऱ्या गावासमोर हारात तोंड घालून लाजून राहिला. तुमचा हवालदार लई चांगला बाई. कधीच घरी येत न्हाई."

एवढं बोलून ती हसली. मला मात्र हसता आलं नाही. गाडी आली. चढताना तिनं एवढंच सांगितलं, "कळमनुरीला सोनाराकडून मुलामा देऊन घ्या. गड्यायला कळत न्हाई, पन बायायला दुरून दिसते." मी त्याच आठवड्यात मुलामा देऊन घेतला. त्या मंगळसूत्रावर पुढे नऊ हंगाम हिंडले.

त्या हंगामापासून माझ्या करारात दोन अटी वाढल्या. पहिली: लग्नाच्या सीनला खरा भटजी चालणार नाही. दुसरी: नायिकेच्या बापाचं काम नायकाच्या सख्ख्या भावानंच करावं. पहिली अट मंडळांना लगेच पटायची. दुसरी का, ते बऱ्याच अध्यक्षांनी विचारलं. मी म्हणायची, कलेसाठी.