पोटानं घेतलेला श्वास

"मढ्यानं श्वास पोटानं घ्यायचा, ताई. छाती हालली की रोल गेला."

असं म्हणून तो माझ्या खानावळीच्या बाकावर आडवा व्हायचा. गिऱ्हाईक जेवत असायचं. मी ओरडायची, "दादा, उठा. लोकांचा घास अडकतोय."

तुम्हीही त्याला पाहिलं असेल. मालिकेत कधी दरोडेखोर, कधी वेठबिगार; पहिल्या जाहिरातीच्या आत मेलेला. खानावळीतल्या टीव्हीवर तो अजून मरतो. नदीकाठच्या भिल्लवस्तीतला माणूस, दुसरं काम कुणी दिलंच नाही. "नायक कधी होणार?" मी विचारलं होतं. "आमच्यातला मेला का मंग नायकाची गोष्ट सुरू व्हती," म्हणाला, आणि भाकरी मागितली.

शूटिंग नसलं की तो समोरच्या तहसील कचेरीच्या फाटकात मरायचा. त्याच्या वस्तीतली माणसं मेलेल्याला पुरतात. त्यांच्या पुरायच्या जागेत शेजारचा ऊस दरवर्षी सरीभर पुढे सरकत होता. त्याचा बाप तिथंच होता, आणि जागा कागदावर कुठंच नव्हती. ती वस्तीच्या नावे करा, एवढीच मागणी. चौघं त्याला ताटीवर घालून आणायचे. बायका आक्रोश करायच्या, त्याची बायको सगळ्यांत मोठ्यानं.

"सायेब खाली आल्याबिगर मढं उठत न्हाई," हा त्याचा नेम. साहेब यायचे नाहीत, शिपाई यायचा. कचेरी बंद झाली की मीच जाऊन सांगायची, "दादा, साहेब मागच्या दारानं गेले. उठा."

एक डोळा उघडायचा. "कालवन काय हाय?"

गेल्या उन्हाळ्यात ताटी पुन्हा फाटकात आली. चौकात लोक हसले. "आज लई भारी करतोय," माझं एक गिऱ्हाईक म्हणालं. मीही वाढतच राहिले. मग लक्षात आलं, त्याची बायको रडत नव्हती.

तो पहाटे झोपेतच गेला होता. पुरायला नेलं तर ऊसवाल्यानं वाट अडवली, म्हणून त्याला इथं आणलं होतं.

त्या दिवशी साहेब खाली आले. "तिथंच पुरा," म्हणाले. "मोजणीला आजच माणूस पाठवतो. जागा वस्तीच्या नावे होईल."

त्याची बायको ताटीवर वाकली. "आवं," ती हळूच म्हणाली, "सायेब आलं खाली."

कुणीच हललं नाही. मी त्याच्या पोटाकडे बघत होते.